दोन धनी आणि एक चाकर



सालगड्याची चाकरी आपल्यांतील पुष्कळांनी पाहिली आहे. कित्येकांच्या वाडवडिलांनी ती केलीही आहे. पाडव्याला साल ठरे, धान्य किती, रोख किती, कांबळे-वहाणा कोणी द्यायच्या हे बोलून होई, आणि वर्षभर तो गडी एका घरचा होऊन राही. ती चाकरी न्यायाची होती असे कोणी म्हणू नये. तीत कर्ज होते, अपमान होता, बायकामुलांची फरफट होती. पण एक गोष्ट होती. आपला धनी कोण, हे गड्याला ठाऊक असे. भांडायचे झाले तर कोणाच्या ओसरीवर जाऊन भांडायचे, हा प्रश्न त्याला पडत नसे.

आजच्या चाकरीत नेमका हाच प्रश्न पडू लागला आहे. मनुष्य राबतो एकाच्या दारात आणि पगार घेतो दुसऱ्याच्या हातून. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत पाळी सुटण्याच्या वेळी उभे राहून पाहावे. एकाच फाटकातून दोघे तरुण बाहेर येतात. दोघांनी आठ तास एकाच पट्ट्यावर शेजारी शेजारी उभे राहून एकच काम केलेले असते. परंतु एकाचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर असते, दुसऱ्याचे ठेकेदाराच्या. एकाला रजा आहे, बढती आहे, म्हातारपणाची काही सोय आहे. दुसऱ्याला उद्या फाटकावर ‘तुझा पास बंद झाला’ म्हणून सांगितले, की त्याची चाकरी संपली. त्याने कारखान्याच्या साहेबाला विचारले तर साहेब म्हणतो, ‘तू आमचा नव्हेस, ठेकेदाराला विचार.’ ठेकेदाराला विचारले तर तो म्हणतो, ‘मी काय करू? कंपनीने माणसे कमी केली.’ दोन धनी असून तो बिनधन्याचा!

ही काही चारदोघांची गोष्ट नव्हे. सरकार दरवर्षी देशातील नोंदलेल्या कारखान्यांची पाहणी करते. तिच्या हिशेबाने २०००-०१ साली कारखान्यांतील कामगारांत पाचांत एक कंत्राटी होता. २०२२-२३ मध्ये शंभरांत सुमारे चाळीस झाले. आणि हे फक्त कारखान्यांचे. इस्पितळातला वॉर्डबॉय, बँकेच्या दारातला पहारेकरी, नगरपालिकेचा झाडूवाला, कचेरीत संगणकापुढे बसलेली मुलगी, यांतले किती जण ज्या दारात बसतात त्या दाराचे आहेत, हे विचारून पाहावे.

तेव्हा प्रश्न असा, की थोड्या दिवसांपुरता मनुष्य कामाला लावणे, आणि तोही मधल्या माणसाच्या हातून लावणे, हे नीतीला धरून आहे काय? असल्यास कोणत्या अटीवर? कीर्तनात पूर्वपक्ष मांडल्याविना सिद्धान्ताला जाता येत नाही. येथेही प्रथम समोरच्याचे म्हणणे नीट ऐकून घेऊ.

पूर्वपक्ष

कारखानदार म्हणतो, ‘बाबांनो, काम बारमाही एकसारखे नसते. दिवाळीआधी मागणी दुप्पट होते, पावसाळ्यात निम्मी होते. साखर कारखान्याचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो; मग उरलेल्या महिन्यांत तोडणीच्या लोकांना मी काय काम देऊ? ज्याला नेमला त्याला जन्मभर पोसायचे असेल, तर मी नेमणारच नाही.’ हे म्हणणे खोटे नाही. शेतकऱ्यालाही सुगीला जेवढे हात लागतात तेवढे आषाढात लागत नाहीत. त्याने सुगीचे सगळे मजूर वर्षभर ठेवावेत असे आपण म्हणत नाही.

ठेकेदार म्हणतो, ‘गावाकडचा पोर शहरात आला, त्याला ना ओळख ना वशिला. कारखान्याचे दार त्याला कोण उघडणार? मी उघडतो. आज हंगामी, उद्या शिकेल, परवा कायम होईल.’ हेही सर्वस्वी खोटे नाही. पुष्कळांची पहिली पायरी हीच असते.

आणि खुद्द मजुरांतही थोड्या दिवसांचेच काम हवे असणारे असतात. पेरणी आटोपून चार महिने शहरात येणारा शेतकरी आहे. शिकता शिकता सुटीत काम करणारा विद्यार्थी आहे. मूल लहान म्हणून रोज आठ तास बांधून घेऊ न शकणारी बाई आहे. त्यांना ‘कायम व्हा, नाही तर येऊ नका’ असे सांगणे हा त्यांच्यावरच अन्याय होईल.

आणखी एक गोष्ट कारखानदार हळूच सांगतो. १९७६ साली कायद्यात असे कलम आले, की ३०० किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायचा, वा माणसे कमी करायची, तर सरकारची आगाऊ परवानगी लागेल. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली. हेतू चांगला होता. परंतु पुढचे दार असे जड झाल्यावर मागचे दार उघडले गेले. कायमच्या माणसाला हात लावता येत नाही ना, मग कायमचा माणूस घ्यायचाच कशाला? कामगार संघटनांनीही बहुधा आपल्या सभासदांपुरतेच पाहिले. मंदी आली तर आधी कंत्राटी जातील, आपण राहू, असा हिशेब कायम कामगाराच्या मनात नव्हताच, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

तर पूर्वपक्ष असा भक्कम आहे. जो तो उडवून लावतो, त्याने सुगी पाहिलेली नाही.

दोष कशात आहे?

आता उत्तर. थोड्या दिवसांचे काम थोड्या दिवसांसाठी देणे यात पाप नाही. पाप तीन गोष्टींत आहे. पहिली, मुदतीविषयी खोटे बोलणे. दुसरी, माणूस अडला आहे म्हणून त्याची किंमत पाडणे. तिसरी, जबाबदारी लपवणे. या तिन्ही गोष्टी ‘लवचीकपणा’ या गोड नावाखाली एकत्र बांधल्या जातात, आणि मग पहिल्या रास्त गरजेच्या आडोशाला बाकीच्या तिन्ही लबाड्या सुखाने राहतात. म्हणून ती मोळी सोडून एकेक काठी वेगळी पाहिली पाहिजे.

पहिली काठी मुदतीची. काम तात्पुरते असेल तर माणूस तात्पुरता असावा, हे समजले. परंतु यंत्र दहा वर्षे रोज तीन पाळ्यांत चालते आहे, त्याच्यापुढचा माणूसही दहा वर्षे तोच आहे, आणि कागदावर मात्र तो दर काही महिन्यांनी नवा! ठेकेदाराचे नाव बदलते, पास बदलतो, मनुष्य तोच राहतो. वर्षात २४० दिवस भरले की कायद्याने काही हक्क मिळतात, म्हणून २४० भरण्याआधी त्याला चार दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा बोलवायचे. याला गरज म्हणत नाहीत. गरज असती तर त्याला पुन्हा बोलावले नसते. हा सरळ असत्याचा व्यवहार आहे, आणि कागद नीट आहेत म्हणून असत्याचे सत्य होत नाही.

दुसरी काठी किंमतीची. येथे थोडा विचार करावा. दोघे एकच काम करतात. एकाला उद्याची खात्री आहे, दुसऱ्याला नाही. बिनखात्रीचा भार कोण वाहतो? दुसरा. मालकाला हवी असलेली मोकळीक कोणाच्या संसारातून निघते? दुसऱ्याच्या. मग जो अधिक भार वाहतो त्याला अधिक मिळावे की कमी? आपल्या व्यवहारात आडवेळी बोलावलेला गाडीवान जास्त भाडे घेतो आणि आपण ते देतो. मग कंत्राटी माणसाला खात्रीही कमी आणि पगारही कमी, हा कोणता न्याय?

हे केवळ भाविकाचे बोलणे आहे असे कोणी समजू नये. फ्रान्स देशात मुदतीच्या कामावर पाठवलेल्या कामगाराचे काम संपले, की त्या काळातल्या एकूण पगाराच्या १० टक्के रक्कम त्याला वेगळी द्यावी लागते; ती अस्थिरतेचा मोबदला म्हणून. ऑस्ट्रेलियात ज्याला पगारी रजा नाही, पुढच्या कामाची हमी नाही, अशा कामगाराला साधारणपणे २५ टक्के जादा दर मिळतो. युरोपीय संघाने २००८ साली नियम केला, की मधल्या संस्थेमार्फत आलेल्या कामगाराला मूळ अटी तरी थेट नेमलेल्या माणसासारख्याच मिळाव्यात. म्हणजे तेथील कारखानदारालाही मोकळीक आहे. फक्त ती फुकट नाही. आणि खरी परीक्षा येथेच होते. मालक म्हणतो, ‘मला लवचीकपणा हवा.’ ठीक आहे. त्याची किंमत दे. किंमत देऊनही त्याला लवचीकपणा हवा असेल तर त्याची गरज खरी. किंमत मागताच त्याला कायमचा माणूस बरा वाटू लागला, तर समजावे की त्याला लवचीकपणा नको होता, स्वस्त माणूस हवा होता.

कामाचा धनी तो माणसाचा धनी

तिसरी काठी जबाबदारीची. ही सर्वांत अवघड, म्हणून थोडे थांबून बोलू.

आपल्या परंपरेत सांगतात, की चोखोबाराय मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते. शके १२६० मध्ये, म्हणजे इसवी सन १३३८ साली, ते बांधकाम कोसळले आणि त्याखाली मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबाही गेले. पुढे नामदेवराय तेथे गेले, अस्थी शोधल्या, त्या पंढरीस आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी झाली. ही कथा आपण कीर्तनात भक्तीच्या अंगाने ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण दगडमातीच्या ढिगाखालच्या त्या बाकीच्या मजुरांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्यांची नावे कोणत्या पटावर होती? ती भिंत कोणासाठी उठत होती? ‘हा माझा माणूस’ म्हणून कोण धावले? एकाला नामदेव होते. इतरांना कोण होते?

आजही भिंत कोसळते, बॉयलर फुटतो, खांबावर चढलेल्या माणसाला वीज लागते, गटारात उतरलेला गुदमरतो. मग पहिला प्रश्न निघतो तो हा, की तो कोणाच्या पटावर होता? ज्याची भिंत तो ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार पोटठेकेदाराकडे दाखवतो, आणि पोटठेकेदाराचा टेलिफोन लागत नाही. उसाच्या फडात हीच तऱ्हा. कारखाना म्हणतो कोयता मुकादमाचा, मुकादम म्हणतो ऊस कारखान्याचा. आणि कोयत्यावरचे नवराबायको उचल फेडीत एका फडातून दुसऱ्या फडात जातात.

धर्म येथे काय सांगतो? फार शास्त्र नको. जात्यावरच्या पिठाची भाकर ज्याने खाल्ली, त्याला जाते कोणी ओढले हे विचारणे प्राप्तच आहे. जनाबाईच्या जात्याला पांडुरंगाने हात लावला असे आपण भक्तिभावाने मानतो. मग ज्याच्या घरी रोज पीठ पडते त्याने ‘दळणारी माझी नव्हे’ म्हणावे हे आपल्या तोंडी कसे शोभेल? ज्याच्या यंत्रापाशी हात आहे, त्या हाताची जबाबदारी त्याच्यावर आहे. मधला मनुष्य काम वाटून घेऊ शकतो, हिशेब वाटून घेऊ शकतो. पण तो धन्याचे ऋण स्वतःच्या डोक्यावर घेऊन धन्याला मोकळा करू शकत नाही.

आनंदाची गोष्ट ही, की आपल्या कायद्यानेही हे तत्त्व अगदी सोडलेले नाही. कंत्राटी कामगारांविषयी १९७० साली जो कायदा झाला त्यात असे होते, की ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यावा आणि ठेकेदाराकडून वसूल करावा. आता जुने २९ कायदे मिळून चार श्रमसंहिता झाल्या असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत. त्यांतही पगाराची ही शेवटची जबाबदारी मूळ मालकावर आहे, आणि पाणी, विश्रांतीची जागा, उपाहारगृह यांसारख्या सोयीही त्यानेच पुरवायच्या आहेत. उद्योगाच्या मुख्य कामात कंत्राटी माणूस लावू नये असे म्हटले आहे, परंतु त्याला अपवाद आहेत, आणि अपवाद हे पावसाळ्यातल्या छपरासारखे असतात. भोक लहान असले तरी घर भिजायचे राहत नाही. शिवाय कंत्राटी कामगारांविषयीचा हा भाग जेथे असे ५० कामगार आहेत तेथेच लागू होतो; १९७० च्या मूळ कायद्यात हा आकडा २० होता. म्हणजे ४९ जणांचे काय, हा प्रश्न आपल्या सदसद्विवेकाकडेच राहिला.

नुसती बंदी पुरत नाही

कोणी तापट मनुष्य म्हणेल, ‘मग कंत्राटी पद्धतच बंद करून टाका.’ याचाही अनुभव देशाने घेतला आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या संस्थेच्या खटल्यात ठरवले, की सरकारने एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीला बंदी केली की तेथले कामगार आपोआप मूळ मालकाचे होतील. कामगारांना आनंद झाला. परंतु ३० ऑगस्ट २००१ रोजी पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो निर्णय फिरवला. कंत्राट केवळ देखावा असेल तर कामगार मूळ मालकाचाच ठरेल. एरवी बंदी झाली म्हणून तो आपोआप कायम होणार नाही, असे ठरले. याचा परिणाम लक्षात घ्या. ज्याने बंदी मागितली त्याची बंदी मान्य झाली, तर कंत्राट गेले, आणि कंत्राटाबरोबर त्याची भाकरीही जाण्याची वेळ आली. न्याय मागून घरी बसायचे, की गप्प राहून राबायचे? अशा पेचात गरीब मनुष्य गप्प राहणेच पत्करतो.

परदेशातही पळवाटा निघाल्याच. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०११ पासून असा नियम आला, की एकाच ठिकाणी एकच काम १२ आठवडे केले की संस्थेमार्फत आलेल्या माणसाला समान पगार मिळावा. नियम चांगला, पण त्यात एक फट ठेवली होती. मधली संस्था दोन कामांच्या मध्ये थोडे काही देण्याचे कबूल करी, आणि त्याच्या बदल्यात समान पगाराचा हक्क सोडवून घेई. ती फट बंद व्हायला एप्रिल २०२० उजाडले. जेथे आठवडे मोजून हक्क मिळतो, तेथे कोणी तरी आठवडे मोजून माणूस काढणारच. तात्पर्य, कायदा हवाच. पण कायद्याला मोजता येते तेवढेच तो मोजतो.

मग मार्ग आहे काय? आहे, आणि तो आपल्याच मुंबईच्या बाजारात सापडला आहे.

पाठीवरच्या पोत्याचे शास्त्र

माथाडी कामगार आपल्याला परके नाहीत. सातारा, सांगली, जुन्नर या भागांतून गेलेली ही माणसे. मुंबईच्या धान्यबाजारात एक पोते या पेढीवर, दुसरे त्या पेढीवर, असे दिवसभर दहा दारांचे ओझे त्यांनी वाहिले. कोणतीच पेढी म्हणेना की हा आमचा नोकर. आणि तिचे म्हणणे एका अर्थी खरेही होते. दिवसातून तासभर जो आला त्याला वर्षभराचा नोकर कसा म्हणावे? कामच असे, की धनी रोज दहा वेळा बदलणार. लवचीकपणा म्हणाल तर याहून अधिक कोठे असेल?

अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्याची युक्ती अशी. सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी असलेले मंडळ स्थापन झाले. कामगारही मंडळाकडे नोंदलेला, पेढीही मंडळाकडे नोंदलेली. ज्या पेढीने जेवढे काम घेतले तेवढी मजुरी तिने मंडळाकडे भरायची, आणि त्यावर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही भरायची. मंडळ कामगाराला पगार देते, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजेचा पगार, बोनस, औषधोपचार चालतो. पेढीला जन्मभराचा नोकर पोसावा लागला नाही. हमालाला जन्मभर बेवारस राहावे लागले नाही. त्याआधी १९४८ च्या कायद्याने बंदरातील गोदी कामगारांसाठी अशीच मंडळे झाली होती. जहाजे आली तर काम, न आली तर नाही. तरी नोंदलेला कामगार हजर राहिला आणि काम नसले तर त्याला हजेरीचे काही पैसे मिळत. पुढे १९८१ साली महाराष्ट्राने खासगी पहारेकऱ्यांसाठीही याच धर्तीवर मंडळांचा कायदा केला.

या मंडळांत दोष नाहीत असे नाही. माथाडीचे नाव सांगून, काम न करता, उद्योगांकडून पैसे उकळणारे निघाले. खऱ्या हमालांनाच त्यांची लाज वाटते. मंडळाचा कारभार ढिला झाला की लेव्ही चुकवली जाते आणि नोंदणी अडते. परंतु विहिरीत गाळ साठला म्हणून विहीर बुजवीत नाहीत, गाळ काढतात. मुख्य गोष्ट सिद्ध झाली आहे. काम क्षणाक्षणाला बदलत असतानाही माणसाचे म्हातारपण, आजारपण आणि मान यांची सोय लावता येते. जबाबदारी एकाच धन्यावर न टाकता सर्व धन्यांकडून थोडी थोडी गोळा करता येते. लवचीकपणा आणि न्याय एका दावणीला बांधता येत नाहीत, असे जो म्हणतो त्याने हा बाजार एकदा पाहावा.

किंमत कोण देणार?

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. हा न्याय फुकट होत नाही. समान पगार दिला, निधी भरला, रजा दिली, तर कोठे तरी पैसा लागणारच. तो तीन ठिकाणांहून येईल. थोडा मालकाच्या नफ्यातून. थोडा वस्तू महाग होऊन, म्हणजे आपल्या खिशातून. आणि थोडा कायम कामगाराने ‘आमची वाढ आधी’ हा हट्ट सैल करून. तिघांपैकी एकानेच सगळे द्यावे म्हटले तर ते होणार नाही. मालकाला शिव्या देऊन आपण स्वस्तातल्या स्वस्त मालाच्या मागे धावलो, तर आपणही त्याच किंमत पाडणाऱ्यांतले एक झालो.

आणि हेही कबूल केले पाहिजे, की न्यायाची किंमत मागितल्यावर काही धंदे माणसे कमी घेतील, काही यंत्रे आणतील. त्या भीतीपोटी कोणी म्हणतात, ‘वाईट का होईना, काम आहे ना, तेही जाईल.’ हे बोलणे दयेसारखे दिसते. परंतु याच न्यायाने कोणतीही वेठ टिकवता येते. भुकेल्या माणसाने अर्धी भाकरी घेतली म्हणून त्याचा वाटा अर्धाच होता, असे ठरत नाही. धीराने, हळूहळू, पण सरळ दिशेने जावे. एका रात्रीत सर्व करू नये आणि ‘होत नाही’ म्हणून बसूनही राहू नये, हाच मध्यम मार्ग.

आपल्यापुरते काय?

सज्जनहो, मोठे कायदे दिल्ली-मुंबईत होतात. आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे, कारण आपणही धनी आहोत. आपली सहकारी गृहसंस्था आहे, तिच्या दारात पहारेकरी आहे. आपले देवस्थान आहे, शाळा आहे, धर्मशाळा आहे. तेथे झाडणारे, पाणी भरणारे कोणाच्या तरी ठेक्यावर आहेत. वारी येते तेव्हा वाटेवरच्या गावांतून आणि पंढरीत आपल्या मागे जी घाण राहते, ती काढायला जादा हात लागतात. आपण हरिनामात रंगून पुढे जातो. मागे झाडू घेऊन जो राहिला त्याला रोज किती मिळाला, हातमोजे मिळाले की नाही, हे विचारणेही वारीचेच अंग आहे.

म्हणून ठेका देताना सर्वांत कमी दर कोणाचा एवढेच पाहू नये. एक साधा हिशेब करावा. कायद्याने ठरलेले किमान वेतन, त्यावर निधी आणि विम्याचा भरणा, साप्ताहिक सुटीला बदली माणूस, हे सर्व मिळवून जी बेरीज येईल, तिच्याहून कमी दर एखादा ठेकेदार सांगत असेल, तर तो फरक कोणाच्या पोटातून काढणार आहे हे उघड आहे. अशा दराला सही करणारा चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासारखाच आहे. ठेकेदाराचे बिल चुकते करण्याआधी मागच्या महिन्याचा पगार आणि निधीचा भरणा झाल्याची पावती मागावी. चार प्रश्न माणसाला स्वतः विचारावे: नेमणुकीचे पत्र आहे का, पगाराची चिठ्ठी मिळते का, निधीचा क्रमांक ठाऊक आहे का, आठवड्याची सुटी मिळते का? ठेकेदाराच्या देखत नव्हे, तो नसताना.

आपल्यांत जे मुकादम आहेत, ठेकेदार आहेत, त्यांना एवढेच सांगणे आहे, की ज्याला काम लावून दिले त्याच्याकडून त्याबद्दल दस्तुरी घेऊ नये. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरच्या दस्तुरीने आणि मर्जीने बदली कामगार किती पिळले गेले, ते म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ च्या आपल्या करारात म्हटले आहे, की अशा संस्थांनी कामगाराकडून फी घेऊ नये. मेहनताना मालकाकडून घ्या, उघड घ्या.

आणि जे कायम नोकरीत आहेत, त्यांना हात जोडून विनंती. शेजारच्या यंत्रावरच्या त्या पोराचे नाव पटावर नसेल, पण त्याला नाव आहे. डबा खाताना त्याला वेगळा बसवू नका. संघटनेच्या सभेत त्याचा विषय काढा, मग तुमच्या वाढीतले चार पैसे कमी झाले तरी चालतील.

दिंडीत कोणी आळंदीपासून चालतो, कोणी वाखरीला येऊन मिळतो. चार पावले चाललेल्याला आपण माळ काढून ठेव म्हणत नाही, की त्याच्या पायांवर पडायचे टाळीत नाही. दिवस थोडे म्हणून माणूस थोडा होत नाही, हे आपण वाटेवर रोज आचरतो. तेच कारखान्याच्या फाटकावर आणि आपल्या स्वतःच्या दारात आचरायचे आहे. पुढच्या महिन्यात ठेक्याच्या कागदावर सही करण्याची वेळ ज्याच्यावर येईल, त्याने लेखणी उचलण्याआधी बाहेर जाऊन दारातल्या माणसाला त्याचे नाव विचारावे. आरंभ तेथून होतो.

रामकृष्णहरि.